डावा दांडा

१८ जानेवारी १९७९, गुरुवार. सांगली

आज मशीन उतरलं. ट्रकमधून गोदामाच्या दारापर्यंत आणताना हमालांनी त्याला दोरांनी आवळून बांधलं होतं, आणि पेठेतली निम्मी माणसं बघायला जमली. कपाटाएवढं उंच, काळं. पुढं मोठी काच, काचेखाली फळी, फळीवर दोन दांडे. मोटारीच्या गियरसारखे, टोकाला लाल गोळे.

केरबा माझ्या युनिटमधला. मी सिग्नलचा हवालदार, तो ड्रायव्हर. आता मुंबईला ट्रक नेतो. बंदरावरच्या लिलावात परदेशी बोटीतलं हे धूड त्याला मिळालं. कुशीवर अक्षरं आहेत, पण इंग्रजी नाहीत.

"नाथा, वायरिंग तुला कळतंय," केरबा म्हणाला. "चार-दोन महिने चालवून बघ. ह्याचे गुण काय, खोड्या काय, समदं टिपून ठेव. जमलं तर आणखी आणू, जत्रंजत्रंला फिरवू गड्या."

म्हणून ही वही. फौजेत रोज लिहायचो, सुटल्यावर सवय मोडली. नवी वही आहे म्हणून एकदाच लिहितो: डावा हात एकाहत्तरच्या लढाईत मनगटापासून गेला. कोरेगावजवळ गावी ऊस आहे, तो धाकटा भाऊ लालासाहेब बघतो. मी बांधावर उभा राहून दुसऱ्यांची कामं बघणारा झालो होतो. गुळाचं हे जुनं गोदाम भाड्यानं मिळालं आणि निघून आलो. मागच्या खोलीत संसार. अंबू कुरकुरत आली, पण आली.

२१ जानेवारी, रविवार

चालू झालं. इथली वीज कमी-जास्त होते म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवला. काच तापायला वेळ घेते. आधी नुसती गुणगुण येते, जवळ मधमाश्यांचं पोळं असावं तशी. मग करडा उजेड पसरतो. रडारच्या पडद्यासमोर मी ड्यूटी केली आहे, पण हा उजेड तसा नाही. सकाळी कृष्णेवर धुकं हलतं तसा हा हलतो.

खेळ असा. मधोमध पांढरा माणूस, बोटाच्या पेराएवढा. डावा दांडा ढकलावा तिकडं तो चालतो. उजवा ढकलावा तिकडं गोळी जाते. म्हणजे चालायचं एकीकडं आणि मारायचं दुसरीकडं, हे जमतं. माघार घेताना आम्ही तेच करायचो. चारी बाजूंनी धुक्यातून करडे आकार येतात. बुटके, गोल पाठीचे. घाई करत नाहीत. गोळी लागली की विरघळतात. एखादा माणसाला चिकटला तर माणूस पडत नाही. तोही करडा होतो, बुटका होतो, आणि त्यांच्यात मिसळून चालायला लागतो. मग खेळ संपला.

पहिली खोडी: एका हाताच्या माणसाला खेळता येत नाही. मी उजवा दांडा धरून पाहिला. माणूस एका जागी उभा, नुसता वळून वळून मारतोय. उभ्या माणसाला किती वेळ मिळणार?

अंबू दारातून बघत होती. म्हटलं, "ये, डावा दांडा धर. मी मारतो."

"मी न्हाई हात लावायची. त्यात कुणीतरी हाय."

"अगं, काच हाय ती. मागं वायरी हायत."

"मग ते आपल्याकडं का बघतंय?"

हसायला आलं. आकारांना डोळेच नाहीत.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

गर्दी होते. कॉलेजची पोरं, हमाल, अडत्यांच्या पेढ्यांवरचे दिवाणजी. जत्रेतला पाळणा एकदा फिरला की कळतो, हे तसं नाही. दुसऱ्यांदा खेळायला यावं तर रान वेगळंच असतं. काल होता तो चढ आज नाही. हा मोठा गुण.

दुसरा गुण कसा लिहावा समजत नाही. काचेत खरं म्हणजे करड्या ठिपक्यांपलीकडं काही नाही. पण एका दिवाणजीला त्यात आजोळचं तळं दिसलं. एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, हा तर आमचा घाट, हे वळण मला ठाऊक आहे. मला वाळू दिसते, लढाईतली. ज्याचं त्याला काहीतरी दिसतं आणि तो नाण्यासाठी पुन्हा खिसा चाचपतो.

खोड्याही पुष्कळ. जिंकायचं कसं, ते कुणालाच सांगता येत नाही. वर आकडा चढतो, मग काही कारण नसताना उतरतो. गुणगुण कानात राहते. जेवताना घास चावायचा आवाजही तिच्या मागून येतो. आणि सगळ्यात मोठी खोडी म्हणजे म्हातारा. हे नाव पोरांनी ठेवलं. काचेच्या अगदी कडेला, धुकं दाट असतं तिथं, एक उंच आकार उभा असतो. तो येत नाही, जात नाही. गोळी त्याच्यापर्यंत पोचायच्या आत विझते. त्याच्याकडं कितीही चाला, अंतर तेवढंच. बनवणाऱ्याची चूक असावी. जिथं पोचता येत नाही ते दाखवायचंच कशाला?

१४ फेब्रुवारी, बुधवार

हळदीचा हंगाम सुरू झाला. जतकडच्या बाया हळद निवडायला येतात, पेठेमागं पालं टाकून राहतात. त्यातली एक गेले काही दिवस संध्याकाळी दाराशी उभी असायची. बाईमाणूस आत येत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. आज गर्दी नव्हती तेव्हा सरळ आत आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, हात कोपरापर्यंत पिवळे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"दादा, यातली मेंढरं कुणाची?"

"मेंढरं न्हाईत आक्का. ते दुश्मन हायत. मारायचं असतंय त्यास्नी."

"दुश्मन असं चालत्यात व्हय?"

पदराच्या गाठीतलं नाणं काढून दिलं. दोन्ही दांडे कसे धरायचे ते मी दाखवलं, पण तिनं डावाच धरला. उजव्याला हात लावेना. बाकावर बसलेली माणसं हसली. मी म्हटलं, आता संपेल.

संपलं नाही. तिनं माणसाला सरळ त्यांच्यात नेलं, आणि एकही आकार चिकटला नाही. तो पुढं निघाला तसे ते वळले आणि त्याच्या मागून चालू लागले. ती मधूनच थांबायची. मागचे गोळा झाले की पुढं. इतका वेळ कुणाचाच खेळ चालला नव्हता. शेवटी मीच म्हटलं, आक्का, आता बंद करायची वेळ झाली. तिनं दांडा सोडला तेव्हा लाल गोळा पिवळा झाला होता.

मशीन मागून उघडून पाहिलं. सगळं जागच्या जागी आहे.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

ती हळदीवाली, हरणाबाई तिचं नाव, रोज येते. काम सुटलं की. मी तिच्याकडून पैसे घेत नाही, कारण तिच्यामुळं बघणारे जमतात. आज म्हटलं, आक्का, तुमी चालवा, मी उजवा धरतो. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, माझ्या थोट्या मनगटाकडंही पाहिलं, आणि सरकून जागा दिली.

मजा आली हे लिहायला हरकत नाही. दोघांचा मिळून एक माणूस. ती चालवते, मी राखतो. कुठं वळणार ते तिच्या खांद्यावरून आधीच कळतं. मी थोडंच मारलं, बाजूनं अंगावर येणारे तेवढे. प्रत्येक वेळी तिच्या तोंडून "च्च" निघायचं, पण अडवलं नाही. हात गेल्यापासून माझ्या एका हाताचा कुणाला एवढा उपयोग झाला नव्हता.

अंबूनं तिला आत बोलावून चहा दिला. रात्री जेवताना मला सगळं सांगत बसली. बाहत्तरच्या दुष्काळात जतकडं वैरणकाडी संपली तेव्हा हिचा नवरा धुळा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला निघाला. पाणी बघून येतो म्हणाला. त्याच्याबरोबरचे कळप परत आले. हा आला नाही, एक कोकरूही आलं नाही. दीर बिराप्पा म्हणतो, वहिनी, आता बांगड्या फोड, दहावं-तेरावं करू, तुझा जीव सुटू दे. ही ऐकत नाही. दर हंगामाला इथं येते आणि नदीकाठानं विचारत फिरते.

"आता कळलं का ती काचंत काय बघतीया?" अंबू म्हणाली.

बाईचं दुःख मोठं आहे, नाही म्हणत नाही. पण अंबू कशाचा संबंध कशाला लावते!

४ मार्च, रविवार

केरबासाठी महत्त्वाचं: म्हाताऱ्यापर्यंत जाता येतं. सगळे मारत मारत जातात म्हणून अंतर कमी होत नाही. हरणाबाई मागं कळप घेऊन चालते तेव्हा होतं, रोज थोडं. (मी पण कळप लिहायला लागलो.)

आज तो बराच स्पष्ट दिसला. खांद्यावर घडी टाकल्यासारखं काहीतरी, आणि हातात उभी रेघ. हरणाबाई म्हणाली, "घोंगडं हाय. आन हातात काठी." सरळ, जाड, खांद्याच्या वर निघालेली ती रेघ. बंदुकीची नळी मी आयुष्यात पुष्कळ पाहिली आहे.

"आज मारू नगा दादा," ती म्हणाली. मारलं नाही. पण मागच्या खोलीत आल्यावर बघतो तर हाताची बोटं आखडलेली. अंबूनं तेल लावून सोडवली.

१२ मार्च, सोमवार

खेळ चालू असताना वीज गेली. उजेड विझला, पण हरणाबाईनं दांडा सोडला नाही, मीही नाही. बाकावरची माणसं शिव्या देत बाहेर गेली. थोड्या वेळानं अंबू आतून आली आणि म्हणाली, "आवं, वीज न्हाई आन ते चालतंय कसं?"

मी बघितलं तर काचेत खरंच अंधुक हालचाल होती. अंबूला समजावलं की काचेत उजेड काही वेळ शिल्लक राहतो, रडारवरही राहायचा. खरं आहे ते. इतका वेळ राहिलेला मात्र पाहिला नव्हता.

अंबूचा धोशा चालू आहे. पाडव्याला गावी जाऊ, आणि गेलो की परत यायचं नाही. म्हणते, "तुमचं बोलणं कमी झालंय. जेवताना सुदिक ताटाच्या कडंला बघत बसताय." तिला इथं करमत नाही हे खरं कारण.

२३ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी केरबा आला. म्हाताऱ्याची गोष्ट पेठभर झालेली, गोदाम भरलं होतं. हरणाबाई आज लवकर आली. नवं लुगडं नेसली होती. बाजारात आज कामाला सुट्टी नव्हती, तरी आली. डावा दांडा धरला, मी उजवा.

कळप मागं घेऊन ती सरळ निघाली. एकदाही थांबली नाही. धुकं दोन्ही बाजूंना होत गेलं आणि तो समोर आला. आमच्या माणसापेक्षा दुप्पट उंच. घडी म्हणजे घोंगडंच असावं असं मलाही क्षणभर वाटलं. त्याला तोंड नव्हतं, पण तो आमच्याकडं वळला हे कळलं. गोदामात कुणी खाकरेना. गुणगुण थांबली होती. मशीन आल्यापासून पहिल्यांदा.

तिनं माणसाला थांबवलं. अगदी त्याच्या रेषेत. मला दांडा वळवायचीसुद्धा गरज नव्हती, नुसता पुढं लोटला की झालं.

"मारू नगा दादा," ती म्हणाली. हळू.

मागून केरबा ओरडला, "मार रं नाथा! बघतोस काय, मार!"

म्हाताऱ्यानं हातातली रेघ हलवली. आडवी केली. मी तरी तसं पाहिलं. आणि माझा हात पुढं गेला. मी ठरवलं नव्हतं. शिकवलेला हात आहे, तो विचारत नाही.

तो विरघळला नाही. गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला, माणूस होतो तसा. आकडा भराभर चढत गेला आणि मशीनमधून घंटा वाजली. त्यात घंटा आहे हे मला माहीतच नव्हतं. माणसांनी गोदाम डोक्यावर घेतलं. केरबानं मला मिठी मारली.

हरणाबाईनं दांडा सोडला. दोन्ही हात काचेवर ठेवून जरा वेळ उभी राहिली. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि गर्दीतून वाट काढत गेली. माझ्याकडं पाहिलं नाही. मी मागं हाक मारली, ती गोंगाटात विरली असेल.

काचेवर पिवळे पंजे उठलेत. अंबू पुसू देत नाही.

३ एप्रिल, मंगळवार

हरणाबाई आली नाही. पालात चौकशी केली. त्याच संध्याकाळी गावी गेली, हंगाम अर्धा टाकून.

मशीन बिघडलं आहे. आकार येतात, पण अंगावर येत नाहीत. ठराविक अंतरावर उभे राहतात, सगळे एका दिशेला तोंड करून. मारलं तरी विरघळत नाहीत. गोळी आरपार जाते. माणूस चालवला तर बाजूला होतात, पण मागं येत नाहीत. म्हातारा पडला ती जागा रिकामी आहे. असा खेळ कोण खेळणार? पोरं आली, दोनदा खेळली, म्हणाली, हवालदार, हे काय, नुसतं उभं राहतंय. एक पोरगा रडवेला होऊन बाहेर गेला. काय दिसलं विचारलं, सांगेना.

वायरी, जोड, सगळं तपासलं. दोष सापडत नाही.

पाडवा इथंच झाला. अंबूनं गुढी उभारली, पण माझ्याशी बोलली नाही.

केरबा चिडलाय. "त्या बाईनं काय केलं ह्याला, इच्यारून तरी ये," म्हणाला.

११ एप्रिल, बुधवार

जतला जाऊन आलो. केरबा म्हणाला म्हणून गेलो असं अंबूला सांगितलं. नसता म्हणाला तरी गेलो असतो.

एसटी मिरजेवरून निघाली की ऊस संपत जातो. जतच्या पुढं तर नुसती तांबूस जमीन आणि कापलेल्या शाळूची खुंटं. कर्नाटकच्या अंगाला एका वस्तीपाशी उतरलो. पाण्याच्या टँकरभोवती बाया घागरी घेऊन भांडत होत्या, निम्म्या कानडीत. हरणाबाईचं घर विचारलं तर एकीनं घागर न सोडता बोट दाखवलं.

ती अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. कपाळ मोकळं. हातात बांगडी नाही. माझे पाय दारातच थांबले.

"या दादा. बसा," ती म्हणाली, रोज भेटत असल्यासारखी. पाण्याचा तांब्या दिला. त्या गावात तांब्याभर पाणी म्हणजे काय ते टँकरपाशी बघून आलो होतो.

मी म्हटलं, "आक्का, त्या दिवशी माझा हात... केरबा ओरडला आन..."

"वाईट वाटून घिऊ नगा. मला राग न्हाई आला." सूप थांबवलं नाही तिनं. "सात वरसं कपाळ रंगवून बसले. त्यो न्हाई ह्ये मला कवाच ठावं हुतं. पर माझ्या हातानं कसं करायचं वो? बिराप्पा म्हणायचा बांगड्या फोड, देवरुशी म्हणायचा सोड त्याला. सोडायचं म्हंजी मीच मारायचं की न्हाई? मग तुमी भेटला. फौजेतला हात. म्हणून तर रोज तुमास्नी उजवीकडं हुबं केलं."

"पण तुमीच म्हणाला, मारू नगा."

"म्हणणारच की. बाईल हाय मी त्याची."

तिनं पाखडलेली ज्वारी टोपलीत ओतली आणि सुपात दुसरी घेतली.

दीर बिराप्पा बाहेरून आला. सावळा, उंच, कमी बोलणारा. मी फौजेतला कळल्यावर मला आत नेऊन खुंटीवरचं घोंगडं दाखवलं. धुळाचं. कळप घेऊन निघाला तेव्हा उन्हाळा होता म्हणून ठेवून गेलेला. तेव्हापासून कुणी काढलं नव्हतं. "शुक्कारी वैनी सांगलीस्न आली," तो म्हणाला, "तवा ह्ये वलं हुतं. खांद्यावर पडतंय तिथं. हितं तोंड धुवायला पाणी न्हाई, आन ह्ये असं वलं, जणू धुक्यातनं चालत आलंय. दोन दिस वाळंना. मग तिनंच म्हटलं, आता दहावं घाला."

मी हात लावून पाहिलं. कोरडं होतं. टँकरचं पाणी भरताना कुणीतरी सांडलं असेल, असं मी म्हणालो. बिराप्पा म्हणाला, "आसंल." पण त्यानं ते घोंगडं दोन्ही हातांनी पुन्हा खुंटीला लावलं.

निघताना हरणाबाई बांधापर्यंत आली. म्हणाली, "त्याचं झालं. मेंढरं तेवढी तिथंच र्‍हायली. धनी गेल्यावर ती कुणाची बी वाट बघत्यात."

"आक्का, बटण बंद केलं की तिथं काही नसतं."

लहान मुलाकडं बघावं तशी बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचा हात मी घेतला, दादा. त्याचं काय तरी देणं लागत आसंल मी. ती मेंढरं तुमीच घ्या."

खुळी झाली असेल बिचारी. येताना एसटीत डोळा लागला नाही.

१५ एप्रिल, रविवार

केरबा उद्या मशीन न्यायला येणार. मुंबईला भंगारात घालतो म्हणतो. अंबूनं सामान बांधलं. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला.

दुपारी ती बाजारात गेली तेव्हा शेवटचं म्हणून बटण दाबलं. ते उभे होतेच. उजव्या हातानं मी डावा दांडा धरला. हे आधी कसं सुचलं नाही कुणास ठाऊक! मला मारायचंच होतं, चालायचं कधी मनातच आलं नाही. दांड्यावर अजून हळदीचा वास आहे.

माणूस चालला. आधी कुणी हललं नाही. मी थांबलो, तशी पहिली रांग वळली. पुढं गेलो, आले. मोजता येणार नाहीत इतके. वाळू दिसत नव्हती. ऊस दिसत होता, ओळीनं, वाऱ्यावर हलणारा, आणि मधून बैलगाडीची चाकोरी. म्हातारा पडला त्या जागेवरून पुढं नेलं. काचेच्या कडेला आलो तर मला वाटलं दांडा अडेल. अडला नाही. माणूस कडेबाहेर गेला. मग एकेक करत सगळे गेले. शेवटचा एक बारका मागं राहिला होता. त्याच्यासाठी थांबावं असं वाटलं, पण माणूसच दिसत नव्हता, थांबवणार कुणाला? मग तोही गेला.

काचेत नुसता उजेड राहिला. गुणगुणही नाही. बटण बंद केलं आणि बंद झालं, लगेच.

१६ एप्रिल, सोमवार

केरबा येऊन मशीन घेऊन गेला. ट्रकमध्ये चढवताना हमाल म्हणाले, आणलं तेव्हा जड होतं, आता एवढं हलकं कसं. केरबानं विचारलं, "बोल, आणखी मशीन आणायची का? गुण-खोड्या काय टिपल्यास?"

वही चाळली. म्हटलं, "दोन हात लागत्यात गड्या. आन ह्यो एकट्याचा खेळ न्हाई. नको आणूस."

त्याला पटलं नाही. पण माझ्या तोंडाकडं बघून ट्रकमध्ये चढला.

१८ एप्रिल, बुधवार. गाव

काल दिवेलागणीच्या आधी फाट्यावर उतरलो. लालासाहेब गाडी घेऊन यायचा होता, आला नाही. सामान कमी होतं, म्हणून चालतच निघालो. दोन्ही बाजूंना ऊस. अर्ध्या वाटेत अंबू एकदम माझ्या जवळून चालायला लागली. माझा थोटा हात धरला. कधी धरत नाही.

"मागं बघू नगा," म्हणाली.

"का? काय हाय?"

"काय न्हाई. चाला तुमी. हळू चाला."

पाहिलं नाही. रस्ताभर मऊ मातीत पाय पडल्यासारखा आवाज येत होता. शेतावरची माणसं घरी परतत असतील.

२ मे, बुधवार

करमू लागलं. अंबूही बोलते, हसते. फक्त संध्याकाळी दार लावण्याआधी ओसरीच्या कडेला पाण्याची मोठी परात भरून ठेवते. कुणासाठी विचारलं तर म्हणाली, असू द्या, उन्हाळा हाय. सकाळी परात रिकामी असते. कुत्री पीत असतील.

लालासाहेब तक्रार करत होता की पुढल्या बांधालगत ऊस दबतोय, कुणाचं तरी जनावर शिरतंय. माग मात्र सापडत नाही. म्हणाला, दादा, तुमचं तिकडं फिरणं असतंय, जरा लक्ष ठेवा.

ठेवतो. उजाडल्यावर बांधावरून लांब फिरून यायची सवय लागली आहे. माळापर्यंत जातो, जिथं गवत आहे. प्रकृतीला चांगलं. घाई नसते, सावकाश चालतो. थोडं पुढं गेलो की आपोआप थांबतो. कशासाठी थांबतो ते सांगता येणार नाही. जरा वेळ उभा राहतो, मग मन निश्चिंत होतं आणि पाय पुढं पडतात.